भाताचे मूळ व विहिरीतील हवा

आषाढात लाटंबार्शाच्या सरदीच्या शेतांत पाणी तुंबले की चिखलातील प्राणवायू सूक्ष्म जंतू लवकरच संपवून टाकतात. तरी भात कुजत नाही. त्याच्या मुळांत पोकळ्या होतात व पानांकडून हवा त्यांतून खाली उतरते. किती शहाणे हे रोप! आपल्या पेशींनाही प्राणवायूची उणीव उमगते. ती कशी, हे उलगडणाऱ्या केलिन, रॅटक्लिफ व सेमेन्झा यांना २०१९ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक लाभले. मूत्रपिंडे अस्थिमज्जेस निरोप धाडतात, तांबड्या पेशी वाढतात. परंतु त्यास दिवस लागतात. जुन्या विहिरीच्या कोंदट हवेत मात्र मनुष्याची शुद्ध क्षणांत हरपते. तेव्हा वाचकहो, विहीर उपसणारा गडी आत कोसळल्यास त्याच्यामागे कोणीही उतरू नये. अग्निशामक दलास तत्काळ बोलवावे, ही आमची कळकळीची विनंती.