सनदेच्या अलीकडची आणि पलीकडची परीक्षा

नांदेड किंवा लातूरच्या कोणत्याही वस्तीत जाऊन पालकांना 'नीट'विषयी विचारावे. अर्ज कधी निघतो, चुकीच्या उत्तराला गुण कसे कापतात, सरकारी महाविद्यालयासाठी साधारण किती गुण लागतात, हे शेतमजुरी करणारी आईसुद्धा सांगते. या दोन शहरांतील शिकवणी वर्गांमुळे ते ज्ञान घरोघर पोहोचले आहे. त्याच आईला, 'मुलीला वकील व्हायचे असेल तर काय करावे लागते?' असे विचारले की ती गप्प होते. फार तर 'पदवी झाल्यावर एलएल.बी. करायची' एवढे ऐकू येते. ज्या समाजाचा मुक्तिदाता बॅरिस्टर होता, त्या समाजाला वकिलीची वाट इतकी अपरिचित असावी, ही खंत या स्मरणिकेच्या निमित्ताने मांडावीशी वाटते. वकिलीच्या परीक्षा आपल्या मुलांना न पेलणाऱ्या नाहीत, त्या केवळ अनोळखी आहेत. खरी कठीण परीक्षा सनद हाती आल्यानंतर सुरू होते, आणि ती एकट्या विद्यार्थ्याची नसून आपल्या सर्वांची असते.

प्रथम वाट समजून घेऊ. बारावीनंतर पाच वर्षांचा आणि पदवीनंतर तीन वर्षांचा, असे विधी शिक्षणाचे दोन अभ्यासक्रम आहेत. दोहोंसाठी राज्याच्या सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा असते. ती मराठीतूनही देता येते आणि तिच्यात उणे गुण नाहीत. पात्रतेसाठी आधीच्या परीक्षेत खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के गुण पुरतात. शिक्षणासाठी दूर जाण्याचीही गरज नाही. नांदेडला नारायणराव चव्हाण विधी महाविद्यालय आहे, लातूरला दयानंद विधी महाविद्यालय आहे. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी स्वाधार योजना आहे. या सोयी कागदावर राहतात, कारण अर्जाची मुदत उलटून गेल्यावर त्यांची माहिती घरी पोहोचते.

पदवीनंतर महाराष्ट्र व गोवा वकील परिषदेकडे नोंदणी करून सनद घ्यायची. इथे एक गोष्ट प्रत्येक पालकाने लिहून ठेवावी. १९६१ च्या अधिवक्ता कायद्यानुसार नोंदणीचे शुल्क ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी केवळ १२५ रुपये आहे. मुद्रांक शुल्क तेवढे वेगळे. तरीही अनेक राज्यांच्या परिषदा निरनिराळ्या नावांखाली हजारो रुपये आकारत असत. कायद्यात लिहिल्यापेक्षा अधिक शुल्क घेता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी दिला. गरिबाच्या मुलाला दारातच अडवणारी रक्कम ही समान संधीच्या विरुद्ध आहे, हे त्या निर्णयाचे सार आहे.

सनदेनंतर अखिल भारतीय बार परीक्षा. ती प्रथम २०११ मध्ये झाली आणि २०२३ मध्ये घटनापीठाने तिला वैध ठरवले. प्रश्न शंभर, सर्व प्रश्न पर्यायी, उणे गुण नाहीत. उत्तीर्ण होण्यास ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के. टिपा नसलेली मूळ कायद्याची पुस्तके, ज्यांना 'बेअर ॲक्ट' म्हणतात, ती सोबत नेता येतात. ज्याने महाविद्यालयात गाइड न वाचता मूळ कलमे वाचली, त्याला या परीक्षेचे भय वाटण्याचे कारण नाही. मात्र १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेसह तीन नवे फौजदारी कायदे लागू झाले आहेत. थोरल्या भावाची जुनी पुस्तके घेऊन अभ्यास करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आता 'सॉलिसिटर' या शब्दाविषयी. मुंबई उच्च न्यायालयाच्या ओरिजिनल साइडवर पूर्वी दोन प्रकारचे विधिज्ञ असत. पक्षकाराला भेटणे, कागदपत्रे तयार करणे हे सॉलिसिटरचे काम. न्यायाधीशांपुढे बाजू मांडणे हे बॅरिस्टरचे वा ॲडव्होकेटचे. पक्षकाराला बॅरिस्टरकडे थेट जाता येत नसे, काम सॉलिसिटरमार्फतच येई. १९७६ च्या दुरुस्तीने ही कायदेशीर विभागणी संपली. आज कायद्याच्या दृष्टीने सारे ॲडव्होकेट आहेत. तरी बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची सॉलिसिटर परीक्षा अजून चालू आहे. सॉलिसिटरच्या हाताखाली उमेदवारी करून ती द्यावी लागते, आणि व्यापारी कायद्याच्या क्षेत्रात तिला मान आहे. इंग्लंडमध्येही २०२१ पासून सॉलिसिटर होण्यासाठी दोन टप्प्यांची नवी परीक्षा आली आहे. तिला दोन वर्षांच्या अनुभवाची जोड लागते आणि परदेशी वकिलांनाही ती खुली आहे. आपल्या मुलांनी ही नावे निदान ऐकलेली असावीत.

त्या जुन्या विभागणीचा चटका खुद्द बाबासाहेबांना बसला होता. १९१६ मध्ये त्यांनी ग्रेज् इनमध्ये नाव नोंदवले. मध्येच शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने परतावे लागले, पुन्हा पैसे जमवून ते गेले आणि १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले. मुंबईत सनद काढण्यापुरतेही पैसे नव्हते, तेव्हा नवल भथेना हे पारशी मित्र मदतीला धावले. १९२३ मध्ये वकिली सुरू झाली, पण अस्पृश्य बॅरिस्टरला काम द्यायला सॉलिसिटर तयार नव्हते. ओरिजिनल साइडचे दार असे बंद झाल्यावर ते अपिलाच्या कामांकडे वळले. प्रपंचासाठी १९२५ पासून काही वर्षे त्यांनी बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवला. जगातील नामवंत विद्यापीठांच्या पदव्या असलेल्या माणसाला परीक्षेने अडवले नाही, परीक्षेनंतरच्या दाराने अडवले.

शतक उलटले, तरी आपल्या जिल्ह्यांतील तरुण वकिलाची अवस्था पाहावी. सकाळी न्यायालयात जायचे, सीनियरच्या फाइली सांभाळायच्या, मुदतीचे अर्ज द्यायचे, तारखा टिपायच्या, आणि महिनाअखेर हातात कधी प्रवासखर्च, कधी तोही नाही. भारतीय वकील परिषदेने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअरला शहरी भागात २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये मासिक विद्यावेतन द्यावे, असे सुचवले. परंतु ती शिफारस आहे, सक्ती नाही. ज्याच्या घरी वडिलांचे कार्यालय व ग्रंथालय आहे, तो ही वर्षे काढतो. ज्याच्या घरी पहिल्याच पगाराची वाट पाहिली जाते, तो दुसऱ्या वर्षी काळा कोट खुंटीला टांगून खासगी नोकरी धरतो.

त्याने वकिली सोडली तर समाजाचे काय बिघडते, असे कोणी विचारील. उत्तर कायद्यातच आहे. २० मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, या पदासाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा आवश्यक केली. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १५ खाली विशेष सरकारी वकील नेमायचा, तर त्याला किमान सात वर्षांचा अनुभव लागतो. जो दुसऱ्या वर्षी बाहेर पडला तो तिसऱ्या वर्षाच्या पायरीवर पोहोचत नाही आणि सातव्याच्या तर नाहीच. मग गावातील एखादे कुटुंब फिर्याद घेऊन न्यायालयात येते, तेव्हा त्याचे दुःख आतून जाणणारा अनुभवी वकील सापडत नाही. ही उणीव भाषणांनी भरून निघणार नाही.

म्हणून या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांपुढे तीन मागण्या ठेवतो. नांदेड-लातूरच्या न्यायालयांत स्थिरावलेल्यांनी दर दोन-तीन वर्षांनी शाळेचा एक तरी ज्युनिअर हाताखाली घ्यावा आणि त्याला ठरावीक विद्यावेतन द्यावे. नोकरदारांनी मिळून एक निधी उभारावा, ज्यातून सनद घेतलेल्या मुलामुलींना पहिली तीन वर्षे दरमहा आधार मिळेल. मुलींचा विचार आधी व्हावा, कारण घरी बसवण्याची घाई त्यांच्याच बाबतीत अधिक होते. आणि शाळेने नववी-दहावीच्या मुलांना वर्षातून एकदा जिल्हा न्यायालयात न्यावे. जे डोळ्यांनी पाहिले, त्याची स्वप्ने पडतात.

दान ही आपल्या धम्मातील पहिली पारमिता आहे. विहाराला, भिक्खुसंघाला आपण श्रद्धेने देतो, ते द्यावेच. त्याच हाताने एका ज्युनिअरच्या छत्तीस महिन्यांचा भार उचलला, तर भथेनांनी एकदा केले ते आपण पुन्हा करू. परीक्षा आपली मुले उत्तीर्ण होतील. पुढच्या परीक्षेला बसायचे आहे ते आपण.

जयभीम. नमो बुद्धाय.