बक्षिसी दिली, पण भत्त्याचे काय?

सहल संपली की चालकाला बक्षिसी किती द्यावी, हा प्रश्न हमखास पडतो. मे २०२५ मध्ये आगाऊ टिप मागणाऱ्या एका ॲप-टॅक्सी कंपनीला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोटीस बजावली. टिप हा हक्क नव्हे, ती सेवा मिळाल्यानंतर स्वेच्छेने द्यावयाची असते, ही भूमिका योग्यच.

मात्र चार-चार दिवस सहलीची गाडी हाकणाऱ्या चालकाचा प्रश्न तेवढ्याने सुटत नाही. बिलात टोल, पार्किंगसोबत ‘चालक भत्ता’ही आकारला जातो. तो त्याच्या जेवणाखाण्यासाठी व मुक्कामासाठी असतो. ती बक्षिसी नव्हे. तरीही अनेक चालक रात्री गाडीतच झोपतात. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने साधारणतः दिवसाला ८ तासांच्या कामाची मर्यादा घातली होती; पण ती पाच वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरती. एक-दोन गाड्यांचे मालक त्याबाहेरच राहिले.

त्यामुळे बक्षिसी अखेरीस थेट चालकाच्या हाती द्यावीच. परंतु भत्ता त्याला मिळतो का, मुक्कामाची सोय कोणाची, हे गाडी ठरवतानाच विचारावे. घाटातल्या वळणावर चालकाची झोप पूर्ण झालेली असण्यातच प्रवाशांचीही सुरक्षितता आहे.