थांबला तो वाचला!

आपल्याकडे गाडीचं कौतुक दोनच गोष्टींवर चालतं. ॲव्हरेज किती देते आणि पळते किती! शुक्रवारी संध्याकाळी हिंजवडीतून सुटलेला पोरगा रात्री सोलापुरात टेकला की पहिला डायलॉग ठरलेला, 'साडेतीन तासांत आलो बे!' त्याला हळूच विचारा, शंभरच्या स्पीडला तुझी गाडी किती मीटरांत थांबते? एकदम सायलेन्स!

हा प्रश्न हवेतला नाही. गळीत हंगाम सुरू झाला की भिगवण, इंदापूर, टेंभुर्णी, मोहोळ या पट्ट्यात रात्री उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर येतात. एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन. कित्येक ट्रॉल्यांना मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर. ती उसाची भिंत हेडलाइटच्या उजेडात अचानक उगवते, तेव्हा तुमची म्युझिक सिस्टिम, सनरूफ, अलॉय व्हील्स यातलं काहीच कामाला येत नाही. कामाला येतो तो फक्त उजव्या पायाखालचा मधला पेडल.

आता आमच्या ऑफिसातल्या एका मित्राची गोष्ट. दर पंधरवड्याला पुणे-सोलापूर करणारा हा प्राणी. हातात ताजा दिवाळी बोनस, दारात चार-पाच वर्षांची स्विफ्ट. चहाच्या टपरीवर मला म्हणाला, 'मालक, पुढं ड्रिल्ड डिस्क टाकूलालो. लाल कॅलिपर. कसं दिसंल?'

दिसंल भारी, मी म्हटलं. पण थांबंल का?

त्यावर जे बोलणं झालं ते तुम्हालाही सांगतो. कारण ब्रेक अपग्रेड करायची खाज आता बऱ्याच जणांना आहे, आणि बहुतेक जण उलट्या टोकापासून सुरुवात करतात.

चहाचं गणित

ब्रेक म्हणजे काय? वेगाची उष्णता करणारं यंत्र, बस्स! चार माणसं आणि सामान धरून गाडी १,२०० किलोची मानू. शंभरच्या स्पीडवरून ती पूर्ण थांबवली तर जी उष्णता तयार होते, तेवढ्यात जवळजवळ दीड लिटर पाणी खोलीच्या तापमानापासून उकळीपर्यंत जाईल. अख्ख्या डिपार्टमेंटचा चहा! आणि हे होतं साधारण साडेतीन सेकंदांत. यातला मोठा वाटा पुढच्या दोन डिस्क खातात. पाच किलोची डिस्क धरली तर एका दणक्यात ती सुमारे ७० अंशांनी तापते. स्पीड १२० असेल तर उष्णता सव्वापट नाही, जवळजवळ दीडपट. कारण वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते.

म्हणून डिस्क ब्रेकचं खरं नाव झालं ते रेसमध्ये. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टरनं त्याचं पेटंट १९०२ सालीच घेतलं होतं. पण १९५३ ला ल मान्सच्या २४ तासांच्या रेसमध्ये डिस्क ब्रेकवाली जॅग्वार सी-टाइप जिंकली आणि सगळ्यांचे डोळे उघडले. ड्रम ब्रेकवाल्या गाड्या पुन्हा पुन्हा ब्रेक मारून थकत होत्या, जॅग्वार थकत नव्हती. 'थकणं' हा शब्द लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आधी टायरला विचारा

एक छोटी टेस्ट करा. कोरडा, मोकळा रस्ता, मागं-पुढं कुणी नाही, गाडी ६० वर. ब्रेक जोरात दाबा. पायाखाली पेडल थरथरला, कर्रर्र आवाज आला? म्हणजे एबीएस जागा झाला. (एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना तो सक्तीचाच आहे.) याचा अर्थ तुमच्या ब्रेकमध्ये चाक जाम करण्याइतकी ताकद आधीपासूनच आहे. गाडी थांबायची मर्यादा आता ब्रेकवर नाही, टायरच्या पकडीवर आहे. मग तिथं भलीमोठी डिस्क लावून पहिल्या ब्रेकला गाडी कमी अंतरात थांबणार नाही. टायर गुळगुळीत असतील तर बोनस आधी टायरवर घाला!

आणि आता ते आकडे. चांगल्या कोरड्या रस्त्यावर शंभरवरून थांबायला अंदाजे ४९ मीटर लागतात. पण डोळ्यांना दिसून पाय पेडलवर पडेपर्यंतचा एक सेकंद? त्यात २८ मीटर गेले. एकूण ७७! अंधारात लो बीमवर काळं-करडं काही धड दिसायलाही तेवढं अंतर मिळत नाही. हेच ८० च्या स्पीडला एकूण ५३ मीटर. म्हणजे वीसचा स्पीड कमी केला की २४ मीटर फुकट मिळतात. टायर-ब्रेक एकदम झकास करून पकड आठव्या हिश्श्यानं वाढवली तरी शंभरला वाचतात पाच-सहा मीटर. सगळ्यात स्वस्त अपग्रेड कोणतं, ते तुम्हीच ठरवा.

मग अपग्रेड कुणी करायचं?

ज्याच्या गाडीचे ब्रेक थकतात त्यानं. सोलापुरातून आंबोली, फोंडा, कुंभार्ली असा घाट उतरून कोकणात जाता, गाडी भरलेली असते, उतारावर सारखे ब्रेक लागतात. अशा वेळी पेडल तसाच कडक राहिला पण गाडी थांबेना, तर पॅड तापून थकला समजा. पेडल मऊ पडून खाली खाली जायला लागला, तर ब्रेक ऑइल उकळलं असण्याची शक्यता. दोन आजार वेगळे, औषधं वेगळी. (आणि घाटात पहिलं औषध म्हणजे खालचा गिअर. तेही फुकट!)

म्हणून क्रम असा ठेवा : आधी ऑइल, मग पॅड, मग डिस्क.

ब्रेक ऑइल हवेतली ओल पिऊन घेतं आणि त्याचा उत्कलनबिंदू घसरतो. डॉट ३ चं नवं ऑइल किमान २०५ अंशांना उकळतं, ओल शिरल्यावर १४० ला. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलायचं, खर्च काही शे रुपये. झाकणावर कंपनीनं काय लिहिलंय ते बघा. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही म्हणजे नाही!

पॅडवरची दोन अक्षरं

पॅड मुख्यतः तीन जातींचे. ऑरगॅनिक म्हणजे मऊ, आवाज नाही, डिस्क कमी खातो, पण फार तापला की लवकर थकतो. सेमी-मेटॅलिकमध्ये धातूचा चुरा असतो. उष्णता जास्त सोसतो, पण आवाज करतो, डिस्क जास्त खातो आणि अलॉयवर काळी पूड सोडतो. सिरॅमिक शांत आणि स्वच्छ, किंमत जरा वर.

बऱ्याच पॅडच्या पाठीवर किंवा कडेला एक कोड असतो, त्यात शेवटी दोन अक्षरं. पहिलं थंड असतानाच्या पकडीचं, दुसरं तापल्यावरच्या. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. एफएफ दिसलं की समजायचं, थंड-गरम दोन्हीकडे पोरगा सरळ आहे. जीई असेल तर सुरुवातीला जोरदार, तापल्यावर ढिला! अक्षरं म्हणजे क्वालिटीचं सर्टिफिकेट नव्हे, पण अंदाज येतो.

आणि हो, रेसिंगचे पॅड घेऊ नका. ते तापल्याशिवाय चावत नाहीत. सकाळी जुळे सोलापुरातून निघालात आणि आसरा चौकात एखादी रिक्षा आडवी आली, तर ती तुमचा पॅड गरम व्हायची वाट बघत थांबणार नाही. 'पण आपल्याकडं ऊन किती!' असं मित्र म्हणालाच. अरे बाबा, ४३ अंश माणसाला जास्त. रेसच्या पॅडला ती थंडीच!

भोकं हवीत की चर?

ड्रिल्ड डिस्कची भोकं दिसायला लय भारी. जुन्या काळी पॅड तापल्यावर त्यातून गॅस निघायचा, त्याला वाट द्यायला ती होती. आजच्या चांगल्या पॅडमध्ये तो प्रश्न फारसा उरलेला नाही. उलट भोकांमुळं डिस्कचं लोखंड कमी होतं, म्हणजे उष्णता साठवायची जागा कमी, आणि वारंवार तापली की भोकांच्या कडेनं तडे जाऊ शकतात. स्वस्त ड्रिल्ड डिस्क तर लांबूनच नमस्कार! स्लॉटेड म्हणजे चर पाडलेली डिस्क पॅडचा पृष्ठभाग साफ ठेवते, पण थोडा आवाज करते आणि पॅड लवकर संपवते. रोजच्या गाडीला चांगल्या कंपनीची साधी व्हेंटिलेटेड डिस्क पुरते.

मोठी डिस्क, मोठा कॅलिपर? चाकात बसते का, ते आधी बघा. रिम अडतं. शिवाय मागं ड्रम असलेल्या गाडीत पुढचंच बळ वाढवलं तर पुढचं-मागचं वाटप बिघडतं. गाडी बाजारात येण्याआधी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत तिचे ब्रेक तपासले जातात ते मूळ रचनेवर. तुमच्या गल्लीतल्या जुगाडावर नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत परस्पर बदल करण्याच्या आड येतं. त्यामुळं त्याच मापाचे पॅड-डिस्क बदला, त्यापलीकडं जायचं असेल तर आरटीओ आणि विमा कंपनीला आधी विचारा. लेखी! आणि मोठ्या ब्रँडचं नाव छापलेली ती लाल कॅलिपर कव्हरं? ती फक्त टोप्या आहेत. थांबवत काहीच नाहीत, वर हवा अडवतात.

मिस्त्रींचा निकाल

मित्राला घेऊन गेलो ओळखीच्या मिस्त्रींकडं. त्यांनी चाकं काढली, पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाले, 'कशाला पैसे घालवूलालाय मालक? डिस्क चांगलीय.' डिस्कवर कोरलेली किमान जाडी त्यांनी मायक्रोमीटरनं ताडून दाखवली. अजून जागा होती. पण डावीकडच्या कॅलिपरची सरकपिन गंजून अडकलेली, म्हणून एक पॅड जेमतेम तीन मिलिमीटर आणि त्याचा जोडीदार दुप्पट. ब्रेक ऑइल चहासारखं काळपट. हा गडी असल्या गाडीत आई-वडिलांना बसवून रात्री टेंभुर्णीवरून येत होता! तेव्हा कुठं त्याचा चेहरा उतरला.

काम झालं ते असं : दोन्ही पिना साफ करून ब्रेकचं खास ग्रीस, पुढच्या दोन्ही चाकांना नवे एफएफ पॅड (पॅड नेहमी जोडीनंच), नवं डॉट ४, नीट एअर काढली. पॅड बिलासह, सीलबंद खोक्यातून. नकली माल या धंद्यात भरपूर, आणि तो ओळखू येतो तो नको त्या वेळी. उरलेल्या बोनसमध्ये दोन टायर.

नवे पॅड डिस्कशी जुळवून घ्यावे लागतात हे विसरू नका. सकाळी रिकाम्या रस्त्यावर ६० वरून १५ पर्यंत मध्यम ब्रेक, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा. मग ब्रेक न लावता काही किलोमीटर गाडी चालवून थंड करा. डिस्क तापलेली असताना पेडल दाबून उभं राहू नका, पॅडचा थर एकाच जागी चिकटतो. नंतर पेडल थरथरतो आणि लोक म्हणतात, डिस्क वाकली. पुष्कळदा ती वाकलेली नसते, डागाळलेली असते.

तर मालक, या शनिवारी सर्व्हिसिंगला गाडी द्याल तेव्हा नुसतं 'ब्रेक बघा' म्हणू नका. तीन प्रश्न विचारा. पॅड किती मिलिमीटर राहिलेत? डिस्कची जाडी किती? ऑइल कधी बदललं? उत्तर आकड्यात मिळालं तर पैसे द्या, 'ओके आहे' असं मिळालं तर चाक काढायला लावा. आणि रात्री टेंभुर्णीच्या पुढं काटा ८० च्या खाली. घरी पोचायला थोडा उशीर होईल, भाकरी थोडी गार होईल. चालतंय की! सोलापूरची कडक भाकरी गारच चांगली लागते.