तोंड हलव, आवाज नको!

शाळेच्या ॲन्युअल डेचा विषय निघाला, की कोरमंगलातल्या कुठल्याही सोसायटीत आया मोबाइलवरचे व्हिडिओ दाखवू लागतात. आपली सोनू तिसऱ्या रांगेत डावीकडे, ती बघा! पण घरात ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी किंवा डाउन सिंड्रोम असलेलं मूल असेल, तर तिथली आई बहुधा गप्प बसते. मूल स्टेजवर होतं, नाही असं नाही. झगझगीत कपडे घालून मागच्या रांगेत उभं होतं. ‘तू नुसतं तोंड हलव हं, आवाज नको,’ असं त्याला प्रेमाने सांगितलेलं होतं.

बाईंना दुष्ट ठरवण्याचं कारण नाही. चाळीस मुलं, पाच मिनिटांचं समूहगीत, समोर प्रमुख पाहुणे. एकाने भलत्या ठिकाणी सूर लावला तर? मग पालकांनाच समजावलं जातं. बंगळूरमध्ये उठताबसता कानावर पडणारं वाक्य इथेही येतंच: ‘स्वल्प ॲडजस्ट माडी!’ थोडं सांभाळून घ्या. पण सांभाळून घ्यायचं ते नेहमी मुलानेच का? गाण्याने थोडं घेतलं तर?

एव्हलिन ग्लेनी हे नाव तुम्ही कदाचित ऐकलं असेल. स्कॉटलंडची ही तालवादक बाराव्या वर्षापर्यंत जवळजवळ पूर्ण बहिरी झाली होती. शाळेतल्या वाद्यशिक्षकाने तिला परत पाठवलं नाही. ते नगारा वाजवत आणि ती भिंतीला हात लावून स्वर कुठे जाणवतो ते शोधी: हा बोटांच्या टोकाशी, तो मनगटापाशी. पुढे लंडनच्या रॉयल अकादमीने तिला आधी नकारच दिला. बहिऱ्या वादकाचं पुढे काय होणार, ही शंका! ती हटून बसली, परीक्षा देऊन १९८२मध्ये आत शिरली आणि जगभर वाजवत फिरली. तेही बहुतेक वेळा अनवाणी, कारण पायांनीही ऐकायचं असतं.

इतक्या लांब तरी कशाला? बंगळूरहून रात्रभराच्या रेल्वेप्रवासावर गदग आहे. तिथल्या वीरेश्वर पुण्याश्रमात पंचाक्षरी गवई आणि त्यांच्यानंतर पुट्टराज गवई या दोन अंध गुरूंनी असंख्य अंध मुलांना गाणं शिकवलं. पुट्टराजांना २०१०मध्ये पद्मभूषण मिळालं आणि त्याच वर्षी ते गेले. मजा अशी, की आजचे नामवंत गायक पंडित व्यंकटेश कुमार याच आश्रमात बारा वर्षं शिकले आणि ते डोळस! तिथे वेगळा होता तो हा डोळस मुलगा. त्याला कुणी मागच्या रांगेत उभं केलं नाही.

मुलाला द्यायचं ते काम खरं हवं; ते नसेल तर गाणं अडायला हवं. हात सावकाश चालणाऱ्या मुलीला द्रुत तालातली झांज देऊन तिची फजिती करू नका. तिला तानपुरा द्या. बंगळूरच्याच रॅडेल कंपनीचा इलेक्ट्रॉनिक तानपुरा गाणाऱ्या घरांत ओळखीचा आहे. त्याचं बटण तिने दाबल्याशिवाय बाकीच्यांना सूरच मिळणार नाही. सगळी कडवी पाठ होत नसतील, तर ध्रुवपद पुरतं. ऑटिझम असलेलं मूल अनेकदा गाण्याने बिथरत नाही, बिथरतं ते पडद्यामागच्या दोन तासांच्या ताटकळण्याने, कर्ण्याच्या आवाजाने, अचानक कोसळलेल्या टाळ्यांनी. त्याचा कार्यक्रम पहिला ठेवा, तालीम त्याच सभागृहात घ्या, कानांना आवाज अडवणारे हेडफोन चालू द्या. शेजारी आयाबाई नको, वर्गातला मित्र उभा करा. आणि चाकाची खुर्ची असेल तर स्टेजच्या पायऱ्यांवर फळीचा उतार आदल्या दिवशीच लावून बघा. ऐनवेळी चौघांनी उचलून नेलेलं मूल काय गाणार?

एक गोष्ट मात्र नकोच. ‘आणि आता आपली स्पेशल मुलगी...’ असं माइकवरून सांगून टाळ्या मागणं. ती टाळी तिच्या वाजवण्याला नसते, हे तिलाही कळतं.

शाळा ‘बघू’ म्हणाली, तर कायदा तुमच्या बाजूने आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६च्या सोळाव्या कलमानुसार सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांनी अशा मुलांना खेळ आणि करमणुकीच्या उपक्रमांत इतरांच्या बरोबरीने संधी द्यायची आहे. म्हणजे मान्यताप्राप्त खासगी शाळाही आल्या. अर्थात कलम दाखवत बाईंच्या खोलीत शिरू नका. मुलाला घरी काय वाजवता येतं, त्याचं दोन मिनिटांचं चित्रण घेऊन जा. आणि जा ते गाणी ठरण्याआधी. एकदा रांगा लागल्या, कपड्यांची मापं गेली, की सगळ्यात भली शिक्षिकासुद्धा ‘पुढच्या वर्षी नक्की’ म्हणते.