गिरविणे कमीपणाचे नव्हे

गतवर्षीच्या चित्रप्रदर्शनात माझ्या एका मित्राने राफाएलच्या प्रसिद्ध व्यक्तिचित्रावरून रंगविलेले तैलचित्र मांडले होते. पाहणारे जवळ येत, क्षणभर थबकत आणि “हे तर पाहून काढलेले!” असे म्हणून पुढे जात. त्या दिवसापासून त्याने कुंचला हाती धरलेला नाही.

अक्षर गिरविल्यावाचून कोणाला लिहिता येत नाही. गवयाचा शिष्यही वर्षानुवर्षे गुरूच्या मागून गातो. मग चित्रकलेतच पाहून काढणे ही चोरी का ठरावी?

ते मूळ चित्र बाल्दासारे कास्तिल्योने याचे असून आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. राफाएलने ते १५१४-१५ च्या सुमारास रंगविले. पुढे रूबेन्ससारख्या थोर चित्रकाराने त्याची तैलरंगांत अनुकृती केली. १६३९ साली ते आम्स्टरडॅमच्या लिलावात आले, तेव्हा रेम्ब्रांटने ते कागदावर झरझर टिपून घेतले आणि शेजारी विक्रीची किंमतही नोंदविली: ३,५०० गिल्डर. पुढच्याच वर्षी त्याने स्वतःचे व्यक्तिचित्र रंगविले. राफाएलच्या चित्रातील बैठकीचा डौल त्यात उतरलेला दिसतो. दृष्टी मात्र सर्वस्वी रेम्ब्रांटची आहे.

माझ्या मित्राने काय मिळविले? प्रथम चौकटी आखून त्याने डोळे, नाक, हनुवटी यांतील अंतरे कोळशाने पडताळली. मग तपकिरी रंगाच्या पातळ थराने केवळ छायाप्रकाश बसविला. त्वचेसाठी तो गुलाबी रंग कालवीत राहिला आणि चेहरा बाहुलीसारखा दिसू लागला. तेव्हा कुठे त्याचे लक्ष भोवताली गेले. मूळ चित्रात बहुतेक सारे राखी, काळे व पांढरे! त्या संयमामुळेच चेहऱ्याला ऊब आलेली आहे. ही गोष्ट नुसती ऐकून उमगत नाही. हाताने करावी तेव्हाच डोळ्यांना कळते.

मात्र दोन पथ्ये पाळलीच पाहिजेत. अनुकृतीखाली मूळ चित्रकाराचे नाव लिहावे. ते लपविल्यास ती खरोखरच चोरी होय. आणि ती पुरी होताच पुस्तक मिटून घरातील आजीला समोर बसवावे व तिचा चेहरा रंगवावा. जन्मभर गिरवीतच राहणारा लेखक होत नाही.

माझ्या मित्राने राफाएलचे नाव ठळक अक्षरांत लिहिले होते. आजीचे चित्र तेवढे राहून गेले. पुढील प्रदर्शनात अशा अनुकृतींसाठी एक भिंत राखून ठेवावी आणि तिच्यासमोर “पाहून काढलेस ना?” असे म्हणण्याऐवजी “काय पाहिलेस?” असे विचारावे, एवढीच विनंती.