शब्दांशी गट्टी : डेन नाचले, डोंगर झाले

दोस्तांनो, आज चक्क एक इंग्रजी कोडं घेऊ या. घाबरू नका, उत्तर पाचच अक्षरांचं आहे. इशारा मराठीत सांगते :

'दक्षिण अमेरिकेतल्या डोंगरांसाठी डेन लोक नाचले (५).'

डेन म्हणजे डेन्मार्क देशाचा माणूस. काय आलं डोळ्यांपुढे? उंच डोंगर, आणि पायथ्याशी गिरक्या घेणारी गोरी गोरी माणसं. हो ना? मग फसलात की! कोडं रचणाऱ्याला हेच हवं असतं. तुम्ही चित्र बघत बसायचं, आणि शब्द बघायचे राहूनच जायचे.

आता ते चित्र पुसा बरं. इंग्रजीत डेन लोकांचं स्पेलिंग काय? डी, ए, एन, ई, एस. आणि 'नाचले' ही गोष्ट नव्हे, ती तुम्हाला दिलेली आज्ञा आहे : या अक्षरांना नाचवा, त्यांच्या जागा बदला! पहिला डी उचलून तिसऱ्या जागी ठेवा. ए, एन, डी, ई, एस. अँडीज! दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम कडेने सुमारे ७,००० किलोमीटर पसरलेली ती पर्वतरांग.

यातली खरी गंमत पुढेच आहे. डेन्मार्क हा देश इतका सपाट, की तिथली सगळ्यांत उंच नैसर्गिक जागा जेमतेम १७१ मीटर. आपली कळसूबाई १,६४६ मीटर आहे! आणि अँडीजमधलं सर्वांत उंच शिखर अकोंकाग्वा ६,९६१ मीटर. सपाटीवरची माणसं अक्षरांच्या एका उडीत कुठल्या कुठे पोचली पाहा.

अशा कोड्यात प्रत्येक इशाऱ्याचे दोन तुकडे असतात. एक तुकडा अर्थ सांगतो, दुसरा कृती सांगतो. नाचणं, गोंधळणं, झिंगणं, विस्कटणं असलं काही दिसलं, की अक्षरं हलवून बघायची. इशारा फसवतो, पण खोटं बोलत नाही हं. नीट वाचणाऱ्याला सगळं तिथंच दिलेलं असतं.

काही पालक म्हणतात, "बाई, ही कोडी कॉन्व्हेंटच्या मुलांची. आमच्या मुलांना कुठलं जमायला?" मला हे बिलकूल पटत नाही. वरच्या कोड्याला काय लागलं? एक स्पेलिंग आणि थोडा भूगोल. दोन्ही आपल्या शाळेत शिकवतात. मूल अडतं ते इंग्रजीपाशी नाही, 'मला येणार नाही' या वाक्यापाशी अडतं.

हे बघा आणखी एक : 'नाचातून शंभर गेले, उरला डेन्मार्कचा माणूस (४).' रोमन अंकांत शंभर कसे लिहितात? सी! डान्सच्या स्पेलिंगमधला सी काढा. डी, ए, एन, ई : डेन! इथे तर गणितसुद्धा उपयोगी पडलं. आणि हो, 'ग्रेट डेन' असं दिसलं तर जपून. तो भलामोठा कुत्रा असेल, नाहीतर परीकथा लिहिणारा थोर डेन हान्स अँडरसन असेल. कुत्र्याचं तर नावच तेवढं डेन, जात मुळात जर्मनीतली!

आता आपल्या मराठीकडे वळू. इंग्रजीत अक्षरं सुटी नाचतात. आपली काना-मात्रा आणि जोडाक्षरं बरोबर घेऊन नाचतात. 'र्त' हे एकच अक्षर, ते फोडायचं नाही. फोडलं तर ती चीटिंग! हा नियम पाळून 'नर्तक' उलटा वाचा. क, र्त, न. कर्तन, म्हणजे कापणं! केशकर्तनालयाची पाटी वाचली आहे ना? नाचणारा उलटा झाला आणि कात्री घेऊन बसला. 'नर्तन' मात्र पुढून वाचा, मागून वाचा, नर्तनच. 'डेन' उलटा केला तर कुणाला तरी 'नडे'. 'नाच' उलटा करून 'चना' खाता येईल, पण फक्त हिंदी कोड्यात. आपल्या चण्याचा ण नळातल्या नचा नाही!

आता तुमची पाळी. पालकांनो, उत्तर आलं तरी ओठ मिटून बसा.

१. लावणी नाचत नाचत सप्तशृंगी गडाजवळच्या गावाला गेली (३).

२. हिची भाकरी करतात, पण नावातच नाच (३).

३. उत्तर भारतातला नाच, कुठल्याही टोकाकडून सुरू करा (३).

४. डेन लोक पुन्हा नाचले आणि त्यांची मोटार झाली (इंग्रजीत, ५).

उत्तरं पुढच्या अंकात. एखादा इशारा स्वतः रचलात तर तोही पाठवा, मात्र दोन्ही तुकडे तपासून. जोडाक्षर फोडलेलं आढळलं तर तो परत येईल हं!