तंजावर: एका फलकाने भागणार नाही



बृहदीश्वर मंदिरात मराठीत मोठा माहितीफलक लावला की काम झाले, हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे म्हणणे मला मुळीच पटले नाही. सनावळ्यांच्या फलकापुढे कोण थांबतो? नुसती माहिती देणे म्हणजे अर्थ उलगडणे नव्हे, पाहुण्याचे कुतूहल चाळवले पाहिजे, असे फ्रीमन टिल्डन यांनी अमेरिकेतील राष्ट्रीय उद्यानांच्या अनुभवावरून १९५७ मध्येच मांडले होते.

इथे कुतूहलाला तोटा नाही. तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी यांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास याच आवारातील भिंतीवर मराठीत, देवनागरी अक्षरांत कोरून घेतला. महाराष्ट्रातून आलेली मंडळी मात्र नंदीपाशी फोटो काढून बसमध्ये बसतात. त्यांना त्या भिंतीसमोर उभे करा, चार ओळी मोठ्याने वाचू द्या. मग हे मंदिर बांधणाऱ्या राजराज चोळाच्या तमिळ लेखांकडे न्या. मंदिरासाठी आणवलेल्या ४०० नर्तकींची नावे, कुणाला कितवे घर दिले हेसुद्धा, तिथे दगडात आहे! तमिळ शाळकरी मुलांना हाच फेरा उलट्या वाटेने घडवावा.

शिखराची सावली जमिनीवर पडत नाही, ही थाप अजून सर्रास ऐकू येते. ती खोडायला भाषण नको. मुलांच्या हाती टेप देऊन दुपार कलताना सावली मोजायला लावा.

मंदिरात नित्य पूजा चालते, तेव्हा वेळा पुजाऱ्यांशी बोलूनच ठराव्यात. वाटाडे म्हणून तंजावरातील मराठी घरांतल्या तरुणांना आधी शिकवावे. घरात मराठी, बाहेर तमिळ, अशी दोन्ही भाषांत वाढलेली ही मुले आहेत.

एक वाचक, तंजावर